जुन्या वाड्यात 55 इंची टीव्ही: भोकं पाडायच्या आधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिवाजी पेठेतल्या आईवडिलांच्या जुन्या घरी 55 इंची 4के टीव्ही घेतलाय. सध्या तो कंपनीच्या पायांवर टेबलावर उभा आहे आणि दोन दिवसांनी माणूस येऊन भिंतीला लावणार आहे. किती उंचीवर लावायचा, स्टॅबिलायझर लागतो का, केबलचं चित्र दुकानातल्यासारखं का दिसत नाही, आवाज असूनही आईला संवाद का कळत नाहीत, आणि वडिलांचा दोन रिमोटमध्ये होणारा गोंधळ कसा मिटवायचा, हे तुम्हाला हवंय.

मी कोल्हापुरात टीव्ही दुरुस्तीचं आणि बसवायचं काम करतो. तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ती म्हणजे तुमची भिंत.

पेठांमधल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, त्यामुळे लोकांना वाटतं हत्ती टांगला तरी हलणार नाही. पण त्यातल्या कितीतरी पांढऱ्या मातीच्या असतात. वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर रंग, म्हणून आत काय आहे ते दिसत नाही. 55 इंची टीव्हीचं वजन साधारण 14 ते 18 किलो. त्यात पुढे ओढता येणारा, हात असलेला स्टँड लावला तर वजन भिंतीपासून लांब जातं आणि वरचे स्क्रू बाहेर खेचले जातात. मातीत प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरणारी नळी) पहिल्या दिवशी घट्ट वाटते. एक पावसाळा गेला की माती ओलावते, सुकते, भोक सैल होतं, आणि मग एखाद्या रात्री सगळंच खाली येतं. पॅनेल फुटलं की ते वॉरंटीत बसत नाही, आणि नवं पॅनेल टाकायचा खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या इतका जवळ जातो की दुरुस्तीला अर्थ राहत नाही.

म्हणून आलेल्या माणसाला आधी एकच भोक पाडायला सांगा आणि ड्रिलमधून काय पडतंय ते स्वतः बघा. गिलाव्याचा पहिला अर्धा-पाऊण इंच सोडून द्या. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजकी वीट आहे, राखाडी आली आणि ड्रिल जोर करायला लागलं तर काँक्रीट आहे. दोन्हीत चांगली गिट्टी आणि जाड स्क्रू धरतो. भुरी, मऊ माती भुरुभुरु पडत राहिली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर तिथेच थांबायचं. "चार स्क्रू जास्त मारतो" हा उपाय नाही. मातीत चार काय आणि आठ काय!

मग करायचं काय? जुन्या घरात लाकडी खांब किंवा तुळई नेमकी हव्या त्या जागी असेल तर तिचा आधार घेता येतो, पण असा योग क्वचित. दुसरा मार्ग म्हणजे भिंतीत आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यायची आणि पुढच्या बाजूला जाड प्लायवूड बसवून त्यावर स्टँड लावायचा. हे काम टीव्ही कंपनीचा माणूस करणार नाही, त्याला सुतार किंवा फॅब्रिकेटर लागतो. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात असं काम मापावर करून देणारे आहेत. तिसरा मार्ग, आणि मला विचाराल तर तुमच्यासाठी हाच, म्हणजे टीव्ही भिंतीला लावूच नका. रुंद, बुटकं, जड टेबल घ्या किंवा जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड घ्या. नातवंडं येत असतील तर टीव्हीच्या मागच्या भोकांना पट्टा बांधून तो टेबलालाच आवळून टाका, म्हणजे पुढे कलंडणार नाही. भिंतीवरच्या टीव्हीची हौस सगळ्यांना असते, मान्य आहे. पण बैठकीतून बघायला टेबलावरचा टीव्ही भिंतीवरच्यापेक्षा बहुधा सोयीचाच पडतो, कारण तो आपोआप बरोबर उंचीवर येतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे. बसल्यावर तुमचे डोळे जिथे असतात, तिथे पडद्याचा मध्य यायला हवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचे अडीच फुटांच्या आसपास. 55 इंची टीव्हीचा पडदा सुमारे 27 इंच उंच असतो. म्हणजे सोफ्यावरून बघायचं असेल तर टीव्हीची खालची कड जमिनीपासून सव्वादोन ते अडीच फुटांवर. तुमच्याकडे आई खाली बसतात आणि वडील खुर्चीत, तर कड दोन फुटांवर ठेवा, दोघांचं भागेल. बसवणारी मंडळी सवयीने टीव्ही पाच फुटांवर नेतात, कारण जुना प्लग पॉइंट तिथे असतो किंवा खाली शोकेस असतं. मग घरातले सगळे मान वर करून बघतात आणि महिनाभराने मानेला बाम चोळतात. शिवाय बऱ्याच एलईडी पॅनेलचा रंग खालून बघितला की फिका पडतो.

भिंतीवरच लावायचं ठरलं, तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. टीव्हीच्या मागची स्टँडची चार भोकं पडद्याच्या बरोबर मधोमध असतीलच असं नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये ती खाली सरकलेली असतात. त्यामुळे "स्टँड एवढ्या उंचीवर मार" असं सांगू नका. भिंतीवर पेन्सिलने टीव्हीच्या खालच्या कडेची रेघ मारून द्या आणि बाकीचं माप त्याला काढू द्या. आणि भिंत आतली निवडा. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाझरते, आणि ती ओल टीव्हीच्या पाठीशी सतत राहिली तर बोर्डावर गंज धरतो.

अंतराचं म्हणाल तर तुमची खोली दहा फुटांची आहे, म्हणजे बसायची जागा पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर येईल. ठीक आहे. फक्त हे माहीत असू द्या की 55 इंचाच्या पडद्यावर साधारण सात फुटांच्या पलीकडे 4के आणि फुल एचडी यांच्यातला फरक चांगल्या नजरेलाही ओळखता येत नाही. तेव्हा 4केचं महागडं पॅकेज घ्यायची घाई करू नका.

आता केबलचं चित्र. टीव्हीत दोष नाही, उलट टीव्ही चांगला आहे म्हणूनच दोष दिसतोय. साध्या एसडी, म्हणजे जुन्या दर्जाच्या चॅनेलचं चित्र आडवे 720 आणि उभे 576 ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. तुमच्या 4के टीव्हीवर 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळजवळ 83 लाख ठिपके आहेत. आलेल्या एका ठिपक्यामागे टीव्हीला स्वतःच्या मनाने 20 ठिपके भरायचे असतात. तो अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज आपल्याला धुरकट दिसतो. जुन्या 21 इंची डब्यावर हेच चित्र छान दिसायचं, कारण तिथे ताणायला जागाच नव्हती.

सेट टॉप बॉक्सच्या मागे बघा. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन पिनांची वायर असेल तर चित्र कितीही चांगलं आलं तरी ती वायर ते एसडीच करून टाकते. एचडी बॉक्स मागवा, तो एचडीएमआय वायरने (चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरने नेणारी) जोडा, आणि आई जी चार-पाच चॅनेल रोज बघतात त्यांचं एचडी रूप पॅकेजमध्ये आहे का ते बघा. सगळं पॅकेज एचडी करायची गरज नाही. मग बॉक्सच्या मेनूत जाऊन रिझोल्यूशन 1080 वर आहे ना याची खात्री करा. नवा एचडी बॉक्स आणि नवी वायर असूनही आत सेटिंग 576 वरच राहिलंय, अशी घरं मला नेहमी भेटतात. एचडीएमआयची वायर मात्र हजारोंची घेऊ नका. बॉक्ससाठी दीड-दोन मीटरची साधी, चांगल्या बांधणीची वायर पुरते.

चेहरे रुंद दिसत असतील तर चित्राचा आकार बदललेला आहे. जुने कृष्णधवल मराठी चित्रपट बघताना हे फार जाणवतं. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथेच, कोल्हापुरात उभी राहिली. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असायची. ती ओढून आडव्या पडद्यावर भरली की नायिका एकदम आठ-दहा किलोंनी वाढते. रिमोटवर पिक्चर साइझमध्ये 4:3 किंवा ओरिजिनल निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. वडील म्हणतील "पैसे दिलेत पूर्ण पडद्याचे", त्यांना एकदा दोन्ही शेजारी करून दाखवा.

दुकानातल्यासारखं दिसत नाही, याचं दुसरं कारण दुकानच आहे. तिथे टीव्ही शोरूमच्या मोडवर असतात, सगळी भडक ट्यूबलाइट असते आणि चालवलेला व्हिडिओही मुद्दाम त्यासाठीच केलेला असतो. घरी पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, होम की स्टोअर. इथे होमच निवडायचं. त्यानंतर चित्राचा मोड विविड किंवा डायनॅमिकवर असेल तर तो स्टँडर्ड, किंवा त्याहून बरं म्हणजे सिनेमा/मूव्ही/फिल्ममेकर यांपैकी जो असेल त्यावर न्या. पहिले दोन दिवस पडदा पिवळसर वाटेल. डोळ्यांना सवय झाली की विविड परत लावून बघा, निळंजर्द आणि टोचणारं वाटेल. शार्पनेस खाली आणा. तो वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांना पांढरी रेघ उमटते आणि माणसांचे चेहरे कागदातून कापल्यासारखे दिसतात. बहुतेक कंपन्यांत शून्य ते दहा पुरतं, सोनीत मात्र 50 हाच मधला, तटस्थ आकडा आहे, तिथे शून्यावर नेऊ नका.

बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, या एकाच सेटिंगबद्दल मी थोडा हट्टी आहे. रात्री घरात टीव्ही 100 बॅकलाइटवर चालवू नका. डोळ्यांचं सोडा, आतल्या एलईडी पट्ट्या तापतात आणि लवकर जातात. आवाज येतोय पण पडदा काळा, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये या पट्ट्यांचाच आजार जास्त असतो. (अंधारात बॅटरीचा उजेड पडद्यावर जवळून टाकला आणि आत पुसट चित्र हलताना दिसलं, तर पट्ट्या किंवा त्यांचा सप्लाय गेलाय असं समजा, पॅनेल शाबूत आहे.) दिवसा 60-70, रात्री 30-40 पुष्कळ झालं.

कोल्हापूरच्या पेठेत घर म्हणजे फुटबॉलचं वेड आलंच, म्हणून हेही सांगतो. मोशन स्मूथिंग नावाचं एक सेटिंग असतं. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालतो. मॅच बघताना थोडं ठेवलं तर चेंडूमागची शेपटी कमी होते. पण चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो, त्यावर हे पूर्ण चालू असलं तर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, आणि काहीतरी बिनसलंय असं वाटत राहतं पण बोट ठेवता येत नाही. चित्रपटाला बंद, मॅचला कमीत कमी.

वीज. स्टॅबिलायझर बहुतेक वेळा लागत नाही. टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा, 100–240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर आतला सप्लाय व्होल्टेजची चढउतार स्वतः सांभाळतो. दुकानदार गळ्यात मारत असेल तर ते पैसे वायरिंगवर खर्च करा. खरा धोका कमी व्होल्टेजचा नाही. एक धोका न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तुटण्याचा. आपल्या घरी येणारा पुरवठा 230 व्होल्टचा, पण खांबावरच्या दोन फेजमध्ये (वीज आणणाऱ्या दोन वायरींमध्ये) 400 च्या आसपास असतात. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल खांबावर किंवा इमारतीच्या मेनजवळ सुटला, की कुणाच्या घरात 150 तर कुणाच्या घरात 300 च्या वर जातात, आणि गल्लीतले टीव्ही, फ्रिज, चार्जर एका दमात उडतात. दिवे अचानक लखलखीत झाले किंवा एक खोली मंद आणि दुसरी झगझगीत दिसली, तर विचार न करता मेन पाडा आणि मग महावितरणला कळवा. जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं छोटं उपकरण मीटरशेजारी बसवून घेता येतं. जुन्या पेठेत, जिथे वायरिंग कुठून कुठे गेलंय ते घरच्यांनाही माहीत नसतं, तिथे मी ते बसवायला सांगतोच.

दुसरा धोका विजांचा, आणि तो कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा लोक प्लग काढतात, पण गच्चीवरच्या डिशची वायर तशीच राहते. झटका त्या वायरने खाली येतो, बॉक्समधून एचडीएमआयमध्ये आणि तिथून टीव्हीच्या मुख्य बोर्डावर. त्यामुळे कडकडाट सुरू व्हायच्या आधी तीन गोष्टी काढायच्या: टीव्हीचा प्लग, बॉक्सचा प्लग, आणि बॉक्सच्या मागची डिशची वायर. इंटरनेटची तांब्याची वायर टीव्हीत किंवा राउटरमध्ये असेल तर तीही. हे ढग दिसल्यावर करायचं, डोक्यावर कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावायचा नाही. नुसतं रिमोटने बंद करून काही होत नाही. बाकी, मुसळधार पावसात डिशचं चित्र अडकणं हा बिघाड नाही. त्या लहरी जाड ढगांतून आणि पावसातून येताना क्षीण होतात. पाऊस ओसरला की चित्र येतं, म्हणून लगेच गच्चीवर चढून डिश फिरवू नका.

अर्थिंगबद्दल एवढंच: टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. जुन्या घरात ते भोक नुसतं दिखाव्याचं असतं. आणि कुणी "न्यूट्रल आणि अर्थ आतच जोडून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल सुटला त्या दिवशी उपकरणांच्या पत्र्यात थेट वीज येते.

इंटरनेटवरून बघणार असाल तर तुमच्या जाड भिंती इथेही आडव्या येतात. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही माजघरात असेल तर 5 गिगाहर्ट्झचं वायफाय मध्येच दम तोडतं, 2.4 चं पोचतं पण संथ. 4केला 15 एमबीपीएसच्या आसपास सलग वेग लागतो, फुल एचडीला 5 पुरतो. शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची (इंटरनेटची) वायर ओढा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं, पण घरगुती बघण्याला ते भरपूर आहे.

आईंना संवाद न कळण्याचं कारण त्यांचे कान एवढंच नाही. पातळ टीव्हीत स्पीकरला पुढे जागा नसते, ते खाली किंवा मागे तोंड करून बसवतात, आणि मग आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आपटून येतो. त्यावर पार्श्वसंगीत चढतं. आवाज वाढवला तर संगीतही तितकंच वाढतं, म्हणून उपयोग होत नाही. आधी फुकटचे उपाय करा. साउंड मोड क्लिअर व्हॉइस, स्पीच किंवा न्यूज असा जो असेल तो लावा, सराउंड बंद करा, बास कमी आणि ट्रेबल थोडा जास्त करा. वय वाढतं तसे वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, आणि शब्दांमधले स, श, त, क तिथेच असतात. एवढ्यावर भागलं नाही तर साउंडबार घ्या, पण धडधडणाऱ्या बासवर भुलू नका. दुकानात बातम्या लावून ऐका. जोडताना टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकाशेजारी एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं भोक) लिहिलंय त्यातच वायर घाला, ते बहुधा एकच असतं. जोडूनही आवाज आला नाही तर टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर टाकून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच गाडी सुरू होते.

पुसायचं कोरड्या, मऊ मायक्रोफायबरने, टीव्ही बंद आणि गार असताना. गौरी-गणपतीच्या साफसफाईत काच पुसायचा स्प्रे पडद्यावर मारला जातो. ते पाणी खालच्या कडेतून आत उतरतं आणि पडद्यावर उभ्या रेघा येतात. पडदा काचेचा दिसत असला तरी वरचा थर बहुतेक प्लास्टिकचा असतो. प्लास्टिकचं कव्हरही घालू नका, आत ओल धरते. पावसाळ्यात रोज अर्धा-एक तास टीव्ही चालू ठेवलेला बरा, आतली ऊब बोर्ड कोरडे ठेवते. आणि टीव्हीच्या मागे ट्यूबलाइट नको, चिलटं येतात, चिलटांमागे पाल येते, आणि पाल सप्लायच्या बोर्डावर चढली की तिचंही संपतं आणि बोर्डाचंही.

ज्यांची घरं पुराच्या पट्ट्यात आहेत त्यांच्यासाठी: 2019 आणि 2021 ला पाण्यात गेलेले बरेच टीव्ही पुन्हा चालू करून बघण्याच्या नादात कायमचे गेले. टीव्ही हलवताना उभाच हलवायचा, गादीवर आडवा टाकायचा नाही. आणि भिजला असेल तर तो उघडून साफ होईपर्यंत प्लग लावायचा नाही.

राहिला वडिलांचा रिमोट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पॉवर ऑन झाल्यावर शेवटचा इनपुट किंवा एचडीएमआय 1 उघडेल असं करून ठेवा, म्हणजे चालू केल्या केल्या ॲपचे फोटो न येता थेट बॉक्सचं चित्र येईल. एचडीएमआय सीईसी चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला ॲनिनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. त्याने एका रिमोटवर दुसरं उपकरण चालतं, पण आपल्याकडचे बरेच सेट टॉप बॉक्स त्याला दाद देत नाहीत. मग उलटं करा. अनेक डीटीएचच्या रिमोटवर टीव्हीची पॉवर, आवाज आणि सोर्स ही बटणं शिकवता येतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरून बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची तेवढी बटणं शिकवायची. पद्धत कंपनीनुसार बदलते, बॉक्सबरोबरच्या कागदावर असते, आणि परवा येणाऱ्या माणसालाही ती येत असते. त्याने काम पूर्ण झाल्याची सही किंवा ओटीपी मागायच्या आधी त्याच्याकडून हे करून घ्या, वडिलांच्या हातात बॉक्सचा रिमोट देऊन टीव्ही एकदा बंद-चालू करायला लावा, आणि टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या.